कामाची बाजू

आत्याने भिंतीवरचं ते लाकडी धोपाटणं खिळ्यावरून काढलं, हातात जरा तोललं, उलटं केलं आणि परत टांगलं. कोरीवकाम भिंतीकडे, सपाट काळपट बाजू आमच्याकडे. "कामाची बाजू कशाला लपवून ठेवलीयस गं?" एवढंच म्हणाली आणि कोणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनच्या विषयावर गेली. मी हो हो करत राहिले पण डोकं सगळं त्या भिंतीवर. ते धोपाटणं रशियन आहे, तिकडे त्याला वाल्योक म्हणतात, वरच्या अंगाला पाकळ्यापाकळ्यांचं एक चक्र कोरलेलं आहे, त्या चक्राच्या प्रेमात पडूनच तर मी ते घेतलं होतं. घरी येणारा प्रत्येक जण आधी तिकडेच जातो, पाकळ्यांवरून बोट फिरवतो, हाताने केलंय का म्हणून विचारतो. आत्याने अर्धं आयुष्य घरादाराचे कपडे हाताने धुतलेत. तिने त्या पाकळ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती गेल्यावर मी ते परत सुलटं करायला गेले आणि हात तिथेच थांबला, कारण सुलटं म्हणजे नक्की कुठलं तेच कळेना.

मग ते तसंच राहिलं काही दिवस.

कपडे धुण्याची जुनी अवजारं जमवते असं सांगितलं की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. नाणी, तिकिटं, कंदील, अडकित्ते, ग्रामोफोन, हे सगळं चालतं, त्याला छंद म्हणतात. धुण्याची अवजारं म्हटली की आधी हसू, मग "म्हणजे नेमकं काय काय?" आणि मी सांगायला लागले की दोन मिनिटांत समोरच्याची नजर मोबाईलकडे. माझ्याकडे आहेत ते कपडे घासायच्या पन्हळी फळ्या म्हणजे थोडेफार वॉशबोर्ड, चारपाच जातींची धोपाटणी, टबातल्या कपड्यांत खुपसायचे लांब दांड्याचे दोन पॉसर, उकळत्या पाण्यातून कपडे काढायचे लाकडी चिमटे, आणि कपडे पिळायचं एक रुळांचं यंत्र जे इतकं जड आहे की जिथे ठेवलं तिथेच ते कायमचं राहिलं. नवरा म्हणतो, वॉशिंग मशिनने दिवाणखान्यात आपल्या खापरपणज्यांचे फोटो लावून ठेवलेत. म्हणतो चेष्टेत, पण त्यात बरंच तथ्य आहे.

कारण ही अवजारं जरा बारकाईने बघितली ना की लक्षात येतं, कपडे धुणं म्हणजे मोजून चारपाच हालचाली. आपटणं किंवा धोपटणं, घासणं, घुसळणं, पिळणं, आणि शेवटी दाबून सुरकुत्या काढणं. जगात कुठेही जा, माणसाने याच हालचालींसाठी लाकूड, दगड आणि पत्रा वापरून काही ना काही केलेलं आहे, आणि आपलं मशिनसुद्धा तेच करतं, फक्त आतल्या आत. फ्रंट लोड मशिनचा ड्रम कपडे वर उचलून खाली पाडतो ते आपटणंच आहे. टॉप लोडच्या मधला तो खांब उलटसुलट फिरतो ते घुसळणं. स्पिन म्हणजे पिळणं. १९५९ साली हेन्केल या जर्मन डिटर्जंट कंपनीतल्या हर्बर्ट सिनर यांनी एक वर्तुळ मांडलं, धुलाईच्या धंद्यात आजही ते शिकवतात, की मळ काढायला चार गोष्टी लागतात, रसायन, तापमान, वेळ आणि यांत्रिक जोर, आणि एक कमी केलीत तर बाकीच्यांनी ती भरून काढायला पाहिजे. मला ते वाचून हसूच आलं. कारण साबण महाग, सरपण तर त्याहून महाग, दिवस मावळायच्या आत कपडे वाळायला हवेत, म्हणजे चारातल्या तीन गोष्टी आधीच तोकड्या, आणि उरली कोण तर बाईचा दंड. वर्तुळातला तो चौथा तुकडा हजारो वर्षं दंडांनीच भरून काढलाय. माझ्या भिंतीवर जे टांगलंय ते सगळं त्या चौथ्या तुकड्यातलं.

धोपटण्यामागचं शास्त्र कळलं तेव्हा मला फार मजा वाटली होती. कापड नुसतं पाण्यात हलवलं की पाणी धाग्यांच्या बाजूबाजूने निघून जातं, धाग्याच्या आत फारसं शिरतच नाही, आणि मळ तर तिथेच बसलेला असतो. धोपाटणं पडलं की घडी दबते आणि आतलं पाणी जोरात बाहेर फेकलं जातं, जाताना मळ घेऊन जातं, उचललं की नवीन पाणी आत. म्हणजे ते मारणं नसतंच, तो पंप असतो. आणि सुती कापड हे सगळं सोसतं कारण कापसाचा धागा ओला झाला की कोरड्यापेक्षा जास्त मजबूत होतो, तागाचंही तसंच. रेयॉनचं उलटं, ओलं झालं की ताकद निम्म्याच्या आसपास येते, त्यामुळे रेयॉनचा ब्लाउज कोणी दगडावर धोपटला तर काय होईल ते सांगायला नको. लोकर तर धोपटली की आटून घट्ट नमदाच होते. ज्या बायकांनी हे सगळं शोधून काढलं त्यांना धाग्याचं रसायन कोणी शिकवलं नव्हतं, कुठल्या कापडाला किती हाणायचं हे हाताला माहीत होतं.

मला आजीचं धोपाटणं आठवतं ते आधी डोळ्यांनी आणि मग कानांनी. ती पाण्याकाठी धुवायची आणि मी बरीच लांब खेळत असायचे, तिथून मला धोपाटणं खाली आलेलं दिसायचं आणि आवाज नंतर यायचा, तोवर तिचा हात परत वर गेलेला असायचा. हात वर असताना 'धप्' ऐकू येतं हे मला कितीतरी दिवस कोडं होतं. मला वाटायचं की ती हवेत काहीतरी मारतेय. आवाजाला पोचायला वेळ लागतो हे शाळेत फार उशिरा आलं आणि तेव्हा वर्गात मला एकटीलाच त्यात नवीन काही वाटलं नाही. त्या आवाजाला ठेका असायचा, आणि मध्येच एखादा ठोका चुकला की कळायचं की घडी उलटली किंवा साबण घेतला. कोरियात दोन बायका समोरासमोर बसून दगडावर ठेवलेल्या घडीवर चार सोट्यांनी ठेका धरायच्या, कापड धुऊन झाल्यावर त्याला तुकतुकी आणायला. तिथल्या जुन्या कल्पनेप्रमाणे सुखी घराचे तीन आवाज असतात, बाळाचं रडणं, कोणीतरी मोठ्याने वाचत असलेलं, आणि हे कापड कुटणं. चीनच्या जुन्या कवितेत मात्र हाच आवाज विरहाचा, नवरा लांब सरहद्दीवर आणि ही रात्री त्याच्या हिवाळी कपड्यांसाठी कापड कुटतेय. सुखी घर की विरह, हे बहुतेक सोटा हातात असलेल्या बाईला विचारून ठरवलेलं नसावं. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती की खांदा दुखतोय.

आजीचं ते धोपाटणं आज माझ्याकडे नाही.

ते एका बाजूने झिजत झिजत इतकं पातळ झालं की एक दिवस चिरलं, मग काही दिवस तारेने बांधून वापरलं, मग मूठ निघाली, आणि मग ते चुलीत गेलं. कोणालाही वाईट वाटलं नाही, मलासुद्धा नाही, उलट साबण प्यायलेलं लाकूड कसं तडतडतं ते बघायला आम्ही पोरं पुढे सरसावलो होतो. आणि आत्याने ते रशियन फळकूट उलटं केल्यापासून मला हेच परत परत छळतंय, की जे खरोखर राबलं ते उरलंच नाही. राबलेली वस्तू झिजते, मोडते, जळणात जाते. उरतं कोण? ज्याला कमी वापरलं ते. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनकडे मँगल बोर्ड म्हणून एक लांबट फळी असायची, ओलसर कापड गोल रुळावर गुंडाळायचं आणि वरून ही फळी दाबत पुढेमागे फिरवायची, इस्त्रीच ती एक प्रकारची. तरुण मुलगा लग्नाची मागणी घालताना अशी फळी स्वतः कोरून मुलीला द्यायचा, बऱ्याचदा घोड्याच्या आकाराची मूठ, तिची आद्याक्षरं, साल, वेलबुट्टी, सगळं साग्रसंगीत. आज तिकडच्या संग्रहालयांमध्ये या फळ्या रांगेने लावलेल्या असतात आणि त्या खरंच देखण्या आहेत. पण देखण्या आहेत म्हणूनच तर त्या सांभाळल्या गेल्या, आठवण म्हणून जपल्या. त्याच घरात रोजच्या वापराला एखादी साधी फळी असणारच, तिच्यावर ना नाव ना साल, तिचं काय झालं ते आजीच्या चुलीवरून मला माहीत आहे. त्यामुळे संग्रहालयात फिरताना असं वाटतं की जुन्या काळी धुणं म्हणजे काय सुंदर प्रकार होता. आणि हो, ती प्रेमाची भेट होती हे सगळे कौतुकाने सांगतात, पण लग्नाला होकार द्यायच्या आधीच पुढच्या जन्मभराच्या धुण्याचं अवजार हातात ठेवायचं, याला काय म्हणावं मला कळत नाही. कोरलेला घोडा कितीही गोड असला तरी.

वॉशबोर्डचं त्या मानाने बरं झालं. १८३३ मध्ये अमेरिकेत स्टीफन रस्ट नावाच्या माणसाने पन्हळी पत्रा लावलेल्या फळीचं पेटंट घेतलं, त्याआधी नुसत्या लाकडात खाचा असायच्या आणि त्यांचे कुसळ कपड्यात जायचे. पन्हळीत साबणाचं पाणी अडकून राहतं, कापड एका उंचवट्यावरून घसरून दुसऱ्यावर आदळतं, दर इंचाला एक छोटा धपाटा. माझ्याकडे जस्ताचा आहे, सोड्याच्या पाण्याने पार राखाडी आणि खरखरीत झालेला, एक पितळेचा आणि एक चक्क काचेचा. काचेचा नाजूक कपड्यांसाठी चांगला, गंजत नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात पत्रा मिळेनासा झाला तेव्हा काचेवर आणखी भर पडली. काचेच्या पन्हळीवरून नख फिरवलं की जो आवाज येतो तो मला अतिशय आवडतो आणि घरात बाकी कोणालाही आवडत नाही. ओहायोमध्ये लोगन नावाच्या गावात एक कारखाना अजून वॉशबोर्ड बनवतो, कंपनी १८९५ ची, आणि त्यांचे बरेच बोर्ड कपड्यांसाठी जातच नाहीत, वाजवायला जातात. बोटांना अंगुस्तान घालून पन्हळीवर खरखर ओढायची की झालं तालवाद्य. १९४६ मध्ये क्लिफ्टन शेनिए या वादकाने विली लँड्री नावाच्या पत्राकाम करणाऱ्याकडून खांद्यावरून जाकिटासारखा अडकवायचा वॉशबोर्डच करून घेतला, लुइझियानाच्या झायडेको संगीतात तो आजही असतोच. आणि १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये पोरांच्या हातात गिटारबरोबर आयांचे वॉशबोर्ड आले, बीटल्सवाल्या जॉन लेननच्या पहिल्यावहिल्या ग्रुपमध्येही एक वॉशबोर्डवाला होता. आया तेव्हा कशावर घासत होत्या देव जाणे. पण वाद्य झालं म्हणून ते वाचलं हे खरं, कामाचं अवजार म्हणून एवढं टिकलं नसतं.

पॉसर मात्र कोणी वाजवला नाही, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचं लक्षही नाही, आणि माझा सगळ्यात लाडका तोच. लांब दांड्याच्या टोकाला तांब्याची घंटा, तिला भोकं, आणि तो टबात कपड्यांवर वरखाली खुपसायचा. खाली दाबला की हवा आणि पाणी कापडातून जातं, वर ओढला की परत शोषलं जातं, आणि दर वेळी असा काही लाजिरवाणा आवाज येतो की घरातली लहान मुलं लोळून हसतात. त्याचाच भाऊबंद डॉली, दांड्याला खाली तीनचार किंवा जास्त पाय, छोटं स्टूलच, ते कपड्यात रोवून मनगटांनी उलटसुलट फिरवायचं. मी एकदा हौसेने एक चादर आणि दोन जीन्स घेऊन पॉसरला बसले, म्हणजे उभी राहिले. पहिली पाच मिनिटं मस्त वाटलं, पाणी काळं व्हायला लागलं की एक रानटी समाधान मिळतं जे मशिनच्या दारातून बघून मिळत नाही. मग दंड भरून आले. मग मान. आणि मग ती चादर टबातून उचलायची होती, ओली सुती डबल चादर, दांड्यावरून पाणी थेट कोपरापर्यंत आणि तिथून ब्लाउजमध्ये. जुनं ते सोनं वगैरे म्हणणाऱ्या कोणालाही मी फक्त ती ओली चादर उचलायला देईन. एवढं झाल्यावर अजून खळबळणं बाकीच होतं, आणि त्याच्यानंतर पिळणं.

पिळायच्या यंत्राबद्दल थोडं सांगायलाच हवं. दोन रूळ, एक हँडल, मध्ये कपडा सरकवायचा. इतकं सोपं, आणि शर्टाची बटणं त्यात कडाकड फुटतात, म्हणून आतल्या कपड्यांना आणि उशांच्या अभ्र्यांना कापड मढवलेली चपटी बटणं लावायचे, ती रुळातून साबूत जातात. अशी मूठभर बटणं मला जुन्या अभ्र्यांबरोबर मिळाली होती आणि यंत्र घरी येईपर्यंत ती अशी का आहेत ते लक्षातच आलं नव्हतं. ब्रिटनमध्ये याचीच मोठी बहीण होती, मँगल, दगड भरलेली अजस्र पेटी रुळांवरून पुढेमागे ढकलायची, चादरी टेबलक्लॉथ कडक करायला, आणि एखादी बाई विधवा झाली की शेजारीपाजारी वर्गणी काढून तिला मँगल घेऊन द्यायचे, म्हणजे गल्लीतल्या चादरी दाबून ती आपलं पोट भरेल. मला हे वाचल्यावर दोन दिवस काही सुचलं नाही. दया आहेच त्यात, खूप आहे, आणि त्या दयेचं वजन तिनेच रोज ढकलायचं.

सगळ्या संग्रहात एकच वस्तू अशी आहे जी कपड्यासाठी केलेलीच नाही. फ्रान्समधल्या नदीकाठच्या धोबिणी आणि घरच्या बायकाही तीन बाजूंनी बंद अशी एक लाकडी पेटी वापरायच्या, आत पेंढा घालायचा आणि त्यात गुडघे टेकून बसायचं, म्हणजे काठाचा चिखल आणि गार पाणी गुडघ्यांना लागत नाही. १८५१ मध्ये तिकडे सरकारने सार्वजनिक धुण्याच्या हौदांना पैसे द्यायचा कायदा केला, छप्परवाले तिरक्या दगडांचे हौद झाले, पण गुडघे टेकणं बऱ्याच ठिकाणी सुटलं नाही. माझी पेटी अगदीच साधी आहे, एका बाजूची फळी वेगळ्या लाकडाची, नंतर कोणीतरी ठोकलेली. बाकी सगळी अवजारं म्हणतात कापड, कापड, कापड. ही एकटी म्हणते गुडघे. आत्याने ती बघितली तेव्हा मात्र बराच वेळ बघत राहिली. "हे आमच्याकडे कोणाला सुचलं नाही," एवढं म्हणाली, जरा चिडूनच.

तर आता मी वस्तू विकत घेताना वेगळ्या नजरेने बघते. विकणारे लोक लाकूड घासून, वर व्हर्निश मारून आणतात आणि "मॅडम, एकदम नव्यासारखं" म्हणतात. नव्यासारखं असेल तर मला नको. व्हर्निशने वास जातो, जुन्या धोपाटण्याला जरासं ओलं केलं की आत कुठेतरी मुरलेला साबणाचा वास हलकासा वर येतो, तो एका हाताने दोन मिनिटांत मारून टाकतात हे लोक. शिवाय आता नवीन माल जुना करून विकायचा धंदाही जोरात आहे, पत्रा तेजाबाने काळा केलेला, लाकूड चहाच्या पाण्यात रंगवलेलं. त्यात एक मेख आहे. खोटी झीज सगळीकडे सारखी असते. खरी झीज तिरकी. उजव्या हाताच्या बाईचं धोपाटणं किंचित कलून पडतं, त्यामुळे एक कड आधी गोल होते, मुठीत अंगठा जिथे बसतो तिथे एक खळगा, वॉशबोर्डची पन्हळ वरच्या अर्ध्यात बोथट आणि खाली जवळजवळ कोरी. माझ्याकडे एक धोपाटणं आहे ज्याची दुसरीच कड गेलीय. डावखुरी होती का ती, की उजव्या खांद्याने दगा दिला म्हणून हात बदलला? किंवा आईने एका कडेने वापरलं आणि मुलीने दुसऱ्या, तेही असेल. नाव नाही, साल नाही. कोरलेल्या घोड्यावर दोन्ही आहे आणि त्याच्याबद्दल मला असा एकही प्रश्न पडत नाही.

वाल्योकचं म्हणाल तर ते भिंतीवर उलटसुलट होत असतं. पाहुणे येणार असले की नवरा पाकळ्या पुढे करतो, ते गेले की मी फिरवते, मध्येच कोणीतरी तिसराच धूळ पुसताना फिरवून ठेवतो. कोरीवकामाचा मला राग नाहीये, ते कोरणाऱ्याने मन लावून कोरलंय, आणि एवढं कष्टाचं अवजार निदान बघायला तरी बरं असावं असं वाटणंही माणसाचंच. फक्त ती सपाट बाजू जास्त बोलकी आहे, मधोमध किंचित खोलगट, आणि ती खोली कुठल्या पटाशीने केलेली नाही, ओल्या कापडाने केलीय. कापडाने लाकूड खाल्लंय. किती कापड लागलं असेल त्याला!

सध्या मी एक डॉली शोधतेय, पाय झिजून लहानमोठे झालेली, एखादा तुटलेला असला तर उत्तम. विकणाऱ्यांना सांगितलं की ते आधी समजूत काढतात, मॅडम तसली आम्ही फेकून देतो, चांगली दाखवतो ना, सहाच्या सहा पाय शाबूत. मी म्हणते, फेकायच्या आधी एक फोन करा. आता एकाने खरंच केलाय, म्हणतोय दोनच पाय उरलेत आणि दांडा कोणीतरी खाटेच्या पायाचा बसवलाय, फुकट घेऊन जा पण येण्याजाण्याचा खर्च तुमचा. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.